तारीख न घातलेला अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवासमोर हात जोडले की माणूस मनातल्या मनात बरंच काही बोलून टाकतो — तिथेही हा विषय आला की मी बाजूने वाट काढली. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जात असेल, असं समजू नका. एवढ्या चार ओळी मी चौथ्यांदा लिहितो आहे.

सुरुवात राऊत साहेबांपासून करतो. तिथून सुरुवात केली की मी जरा बरा दिसतो — हे मला ठाऊक आहे, तुम्हीही ध्यानात ठेवा.

आमचं कार्यालय अमरावतीला. खात्याचं नाव सांगत नाही. लोखंडी कपाटं, त्यांच्यावर रचलेली दप्तरं, खिडकीत बंद पडलेला कूलर — असं कुठलंही कार्यालय डोळ्यांसमोर आणा, चालेल. पंधरा-सोळा माणसं, आणि त्यांच्यावर राऊत साहेब, प्रशासन अधिकारी. बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. अंगठ्याचं मशीन तेव्हा आमच्याकडे आलं नव्हतं, हजेरीपटावर सही चालायची.

राऊत साहेब कधी ओरडले नाहीत. ओरडणारा साहेब परवडतो. ओरडतो, चहा मागवतो, विसरतो. यांचा आवाज चढायचाच नाही. दर सोमवारी अकरा वाजता ते प्रलंबित कामांची बैठक घेत आणि तिच्यात एकाला उभं करत. कपाटाशेजारी, आपली फाइल हातात धरून. बैठक संपेपर्यंत त्याने बसायचं नाही. "वाचा," साहेब म्हणत. तो आपली टिपणी वाचे. "परत वाचा." तो परत वाचे. "आता यांना विचारा, यातून कुणाला काय कळलं." मग साहेब बाकीच्यांकडे बघत, आणि बाकीचे हसत. हसावंच लागे. जो हसणार नाही त्याचा नंबर पुढच्या सोमवारी, असा आमचा समज होता. तो खरा होता का? कुणी तपासून पाहिलं नाही.

त्या वर्षी पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत बहुतेक सोमवारी कपाटाशेजारी मी होतो.

मीच का, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. काम माझं संथ, हे कबूल. पण खरं कारण वेगळं असावं — मी उत्तर देत नसे. उत्तर न देणाऱ्याला उभं करायला बरं पडतं, तो भिंतीसारखा उभा राहतो. रविवारी दुपारी मी अर्धं ताट तसंच सारून उठायचो. बायको म्हणायची, काही बाधलं का? एकदा मुलगी पाढे म्हणत बसली होती, तेराच्या पाढ्यात अडखळली. मी म्हणालो, "परत म्हण." ती परत अडखळली. "परत म्हण." आवाज अजिबात न चढवता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की हा आवाज माझा नाही. मी उठून अंगणात गेलो. ही गोष्ट सांगतोय ती दया यावी म्हणून नाही. सोमवारला मी किती भीत होतो, ते कळावं म्हणून. त्या भीतीने पुढे जे केलं, ते भीतीने केलं म्हणून लहान होत नाही.

आता सुधाकर ताथोड.

तो माझ्याच कार्यालयात, आस्थापना शाखेत. आम्ही दोघेही अकोल्याचे, दोघेही अपडाऊनवाले. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती; संध्याकाळी उलटं. नऊ वर्षं आम्ही एकाच डब्यात, शक्यतो एकाच बाकावर बसलो. त्याचं मूळ घर बार्शीटाकळीकडचं, भाजीचा मळा होता. त्याच्या डब्यात नेहमी दोन माणसांचं असायचं, कारण त्याच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, मला कधी वेगळा धरलाच नाही. राऊत साहेबांना तो भीत नसे असं नाही, पण त्याला त्यांचं हसू यायचं. गाडीत बसला की सुरू व्हायचा. "त्याले घरी बायको उभं ठेवत असन गा, म्हनून इथं आपल्यावर काढते." मी हसायचो. कुरुम स्टेशन येईपर्यंत माझा सोमवार निम्मा उतरलेला असायचा. हे त्याचे माझ्यावर उपकार — आणि ते असे की ज्यांचा कधी उल्लेखही करायचा नसतो.

त्याच्या घरी त्याचे वडील होते, बापू. सगळं आयुष्य मळ्यात काढलेला माणूस. अर्धांगवायूने एक बाजू गेली, तेव्हा ताथोडने त्यांना अकोल्याला आणलं. बापू अंगाने भरलेले, उंच. त्यांना सकाळी न्हाणीपर्यंत नेणं, आंघोळ घालणं, संध्याकाळी परत उचलून कूस बदलून देणं हे एकट्या ताथोडला जमायचं. वहिनी किरकोळ शरीराच्या, त्यांना ते झेपत नसे. म्हणून तर तो रोज गाडी पकडायचा. अमरावतीला बिऱ्हाड करण्याचं त्याने नावसुद्धा काढलं नाही, कारण बापू म्हणायचे, मले आता आणखी एक गाव नोको दाखवू. मी घरी गेलो की बापू एका बाजूच्या तोंडाने विचारायचे, "तुमचा साहेब मानसायले उभं कावून ठेवते? खुर्च्या कमी हायेत का?" आणि स्वतःच हसायचे.

तुम्हाला आता आमची एक रीत सांगायला हवी. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही.

अपडाऊनवाल्याचा जीव गाडीत अडकलेला असतो. गाडी दोन तास उशिरा आली, वाटेत मालगाडीमागे थांबली, घरी काही झालं — की हजेरीपटावर लाल शेरा. राऊत साहेब कर्मचाऱ्याचा फोन घेत नसत. "रजा कागदावर असते," म्हणत. म्हणून आम्ही काय करायचो? रजेचे दोन-तीन अर्ज लिहून, सही करून, फक्त तारखेची जागा कोरी सोडून आपल्या जोडीदाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो. एक जण पोहोचला नाही, तर दुसऱ्याने तारीख घालायची आणि साहेब यायच्या आत त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये अर्ज ठेवून द्यायचा. उशिरा का होईना, माणूस आला तर अर्ज परत घेऊन टाकायचा. सगळे अपडाऊनवाले असंच करत, साहेब लोकांनाही माहीत असे. ताथोडचे तीन अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होते, माझे तीन त्याच्या. नऊ वर्षांत त्याने माझ्यासाठी किती वेळा तारीख घातली, हे मी मोजलं नाही. न सांगता घातली, एवढं आठवतं.

संक्रांत होऊन गेली होती. सोमवार. मी अकोल्याच्या फलाटावर उभा होतो, गाडी यायला पाच मिनिटं होती, आणि त्याचा फोन आला. "अरुणभाऊ, बापू पडले गा न्हानीत. डोक्याले लागलं. मी काही येत नाई आज. तेवढा अर्ज टाकून देजो."

"टाकतो," मी म्हणालो. "तू बघ बापूंचं."

एवढंच बोलणं झालं.

कार्यालयात पोहोचलो. ड्रॉवर उघडला. त्याचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. इथे पुष्कळ वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो — की तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, मी उठलो, आणि विसरलो. माणूस विसरत नाही का? सोमवारची घाई, डोक्याला ताप. ऐकणाऱ्याला पटण्यासारखं आहे. मलाही कधीकधी अर्धं पटायचं.

मी विसरलो नव्हतो.

झालं ते असं. शेखभाई, आमचे जुने शिपाई, माझ्या टेबलाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अरुणभाऊ, साहेबानं शुक्रवारीच तुमचं विवरणपत्र मागून ठेवलं होतं. आज पहिलं तेच घेणार हायेत." ते विवरणपत्र वरच्या कार्यालयाला जायला हवं होतं, आणि माझं ते झालेलं नव्हतं. निम्मंही नाही. म्हणजे आज परत मी. आणि आजचं उभं राहणं नेहमीचं नसणार, एवढं मला कळत होतं.

टोपण काढलेलं पेन माझ्या हातात होतं. समोर त्याचा अर्ज. आणि माझ्या मनात एक अगदी स्वच्छ विचार आला. इतका स्वच्छ की त्याची मला आजही भीती वाटते. विचार असा — की साहेबांना बैठकीला एक माणूस लागतो. रजेशिवाय गैरहजर असलेला माणूस मिळाला, तर त्यांना दुसरा लागणार नाही.

मी पेनाला टोपण लावलं. अर्ज घडी करून खिशात ठेवला.

अकराला बैठक सुरू झाली. साहेबांनी हजेरीपट मागवला, त्यावरून बोट फिरवलं. "ताथोड?" साहेबांनी ट्रे पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बरोबर येता ना?"

"आज दिसले नाहीत, साहेब."

"काही निरोप? अर्ज?"

"नाही, साहेब."

दोन्ही उत्तरं मी एका दमात दिली. बापू पडले आहेत, एवढं तरी म्हणता आलं असतं की नाही? अर्ज नसता, तरी एवढं वाक्य पुरलं असतं. ते मी गिळलं, कारण ते वाक्य बोललो असतो तर बैठक त्याच्यावरून उठून माझ्यावर आली असती. साहेबांनी ताथोडच्या टेबलावरच्या फायली आणवल्या. एकेक उघडली. पाऊण तास चाललं. "आस्थापना शाखा स्वतःच आस्थापनेत नाही," असं काहीतरी साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

मीही हसलो. जरा मोठ्यानेच.

माझं विवरणपत्र निघालंच नाही त्या दिवशी. बैठक संपल्यावर मी बाहेर टपरीवर जाऊन चहा प्यालो, आणि तो मला गोड लागला. हे लिहायला नको वाटतं. पण लागला होता गोड.

संध्याकाळच्या गाडीत मी एकटाच होतो. मूर्तिजापूर सुटल्यावर दारात जाऊन उभा राहिलो, खिशातून अर्ज काढला आणि फाडला. चार तुकडे, मग आठ. वाऱ्यावर सोडून दिले. ज्या कागदावर त्याची सही होती, तो मी फाडला. मीच.

दुसऱ्या दिवशी तो गाडीत भेटला. बापूंना तीन टाके पडले होते. रात्रभर जागा दिसत होता. बसता बसता त्याने विचारलं, "टाकला होता ना गा अर्ज?" आणि मी म्हणालो, "हो." बडनेऱ्यापर्यंत तासाभराचा प्रवास होता. त्या तासाभरात किती वेळा तोंड उघडता आलं असतं? तो काही मला मारणार नव्हता. फार तर शिवी दिली असती, आणि दोघांनी मिळून काही वाट काढली असती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईत शेरा होता — विनापरवानगी गैरहजर. तो पट हातात घेऊन तसाच माझ्या टेबलाजवळ आला. शेऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी ठेवला होता रे ट्रेमध्ये. साहेबांनी फाडला."

कुठून आलं हे? मी ठरवलेलं नव्हतं. पण फाडणं माझ्या हातांना ताजं होतं, म्हणून तोच शब्द आला असेल. ताथोड माझ्याकडे बघत राहिला. नंतर वळला आणि केबिनमध्ये गेला. दार लोटायचंही त्याला सुचलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"साहेब, माहा बाप पडला व्हता. मी काय गंमत करत घरी बसलो व्हतो? अर्ज फाडून काय भेटलं तुमाले?"

"कोणता अर्ज, ताथोड?" साहेबांचा आवाज नेहमीसारखाच.

"माहा अर्ज. तुमी फाडला तो."

"कोण म्हणालं तुम्हाला?"

ताथोडने माझं नाव घेतलं नाही. हे नीट वाचा. त्याच्या बापाच्या डोक्याला तीन टाके होते, आणि तरी त्याने माझं नाव घेतलं नाही — कारण मी साहेबांच्या तावडीत सापडेन, ही काळजी त्याला तेवढ्या रागातही होती. नाव न घेता त्याने टेबलावरचा ट्रे उचलला आणि खाली आपटला. कागद केबिनभर झाले. नऊ वर्षांत मी त्याला आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

साहेब बाहेर आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं — ते गोंधळले होते. खरोखर गोंधळले होते. "अरुणराव, यांचा अर्ज तुम्ही ठेवला होता का?"

सगळं कार्यालय बघत होतं. ताथोड दारात उभा होता. हो म्हणावं तर साहेबांना माहीत होतं की मी काल नाही म्हणालो आहे. नाही म्हणावं तर ताथोडला कळलं असतं. मी मान खाली घातली. काही बोललो नाही.

आणि त्या गप्प बसण्याने माझं दोन्हीकडे भागलं. कार्यालयाने समजून घेतलं, की काल बैठकीतलं माझं 'नाही'सुद्धा भीतीपोटीच होतं; बिचारा साहेबांसमोर काय बोलणार. साहेबांनी दुपारी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. "नव्हताच ना अर्ज?" "नव्हता, साहेब." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहून दिलं — श्री. ताथोड यांचा रजेचा अर्ज माझ्याकडे नव्हता व मी तो कार्यालयात सादर केलेला नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहील." राहिलं. त्यानंतर मी कपाटाशेजारी कधी उभा राहिलो नाही.

महिना व्हायच्या आत ताथोडची बदली निघाली, धारणीला. प्रशासकीय कारणास्तव. चौकशी झालीच नाही, त्यामुळे माझा कागद त्याच्यापुढे कधी आला नाही. धारणी म्हणजे मेळघाट, घाटाचा रस्ता, एक एसटी चुकली तर दुसरीचा नेम नाही. तिथून रोज येणं-जाणं होत नाही. तो आठवड्याने येऊ लागला. शनिवारी पोहोचायचा, रविवारी दुपारी निघायचा. मधले दिवस बापूंना सुशीलावहिनी उचलत.

जायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, "अरुण तोंड उघडता तर ताथोड वाचला असता." ताथोड डबा आवरत होता. तो म्हणाला, "अबे, त्याले काय बोलता? त्याचंही घर हाय. त्या मानसापुढं तोंड उघडून कोनाचं भलं झालं?" मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू वाईट वाटून घेऊ नोको गा."

मी म्हणालो, "फोन करत जा."

बापूंना पाठीवर जखमा झाल्या. वेळेवर कूस बदलली नाही की होतात त्या. मी अधूनमधून घरी जात होतो, उचलायला हात लावत होतो. लावत होतो म्हणून काही माफ होतं का? उलट, वहिनी म्हणायच्या, भाऊ, तुमी येता म्हनून बरं. आपल्या हाताने लावलेल्या आगीवर तांब्याभर पाणी ओतायला जायचं, आणि वर आभार घेऊन यायचे. पुढेपुढे बापूंचा हसण्याचा सूर गेला. संध्याकाळी साडेसात वाजले की ते दाराकडे बघत. गाडीची वेळ त्यांच्या अंगात बसली होती. दुसऱ्या वर्षीच्या भर उन्हाळ्यात, एका बुधवारी ते गेले. ताथोड गुरुवारी सकाळी पोहोचला. मी खांदा दिला.

तीन वर्षांनी ताथोड अकोल्याच्या कार्यालयात परत आला. राऊत साहेब निवृत्त झाले. आणि एक गोष्ट मागे राहिली — अर्ज फाडणारा राऊत. आमच्या खात्यात ती आजही सांगतात, नव्या पोरांना साहेब लोकांचे नमुने सांगताना. मीही सांगितली आहे. एकदा नाही, पुष्कळदा. सांगताना मी तिच्यात भरही घातली. साहेबांनी अर्ज वाचला, हसले, मग सावकाश चार तुकडे केले, मग आठ. ऐकणारे म्हणायचे, काय नीच माणूस. मी मान हलवायचो.

राऊत साहेबांनी पुष्कळ वाईट केलं. माझं तर केलंच. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही माया नाही. पण जी एक गोष्ट त्यांच्या नावावर कायमची बसली, ती त्यांनी केलेली नव्हती. हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं — त्यांना आणि मला.

निवृत्तीनंतर एकदाच भेटले. अमरावतीला, डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकावर शेजारी. एका डोळ्यावर पट्टी. मला आवाजावरून ओळखलं. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "अरुणराव, तो ताथोडचा अर्ज. मी खरंच पाहिला नव्हता हो. लोक मला काय काय म्हणतात, ते कानावर येतं. पाठीमागे म्हणत असतील तर म्हणोत, मी तसा होतोच. पण बापाच्या आजारपणाचा अर्ज मी फाडला नसता. तुम्ही तरी त्याला एकदा सांगा."

माझ्याकडे वेळ होता. नंबर यायला चार माणसं बाकी होती. मी म्हणालो, "जाऊ द्या ना साहेब, जुन्या गोष्टी." त्यांनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलेलंसुद्धा आठवत नाही. मला ते बहुधा साधा माणूस समजत होते.

गेल्या महिन्यात ते वारले. तेरवीला आमच्या कार्यालयातून दोघेच गेलो. मुलगा हात जोडून म्हणाला, बाबांच्या ऑफिसमधलं कुणी येईल असं वाटलं नव्हतं. मी पंगतीला बसलो, जेवलो.

संध्याकाळी ताथोडचा फोन. "गेला व्हता का गा तेरवीले?"

"गेलो होतो."

"जेवला?"

"हो."

"काय व्हतं?"

"वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी."

मग तो म्हणाला, "मी नाई आलो. मले जमलंच नसतं. मानूस मेला तरी मी त्याले माफ नाई करत — माह्यासाठी नाई, बापूसाठी नाई करत. तुह्या मनाचं बरं हाय. तुले त्यानं एवढं उभं ठेवलं, तरी तू गेला. मोठा हायेस लेका तू मनानं."

फोन कानाला होता. तिकडे तो वाट बघत होता, मी काही म्हणावं म्हणून. दोन वाक्यं होती सगळी. इतक्या वर्षांत ती वाढली नव्हती, दोनच होती. मी म्हणालो, "तब्येत कशी आहे तुझी?"

"मले काय झालं. रविवारी ये जेवायले. सुशीला भाकरी-ठेचा करते."

रविवारी गेलो. वहिनींची कंबर बापूंच्या वेळेपासून गेलेली आहे. पट्टा बांधून असतात, खाली वाकता येत नाही, म्हणून आता टेबलावर वाढतात. ताथोड राऊत साहेबांच्या नकला करत होता आणि नातू हसत होता. मी दुसरी भाकरी संपवून हात आखडता घेतला, तर वहिनी कंबरेवर हात ठेवून उठल्या आणि तव्यावरची गरम भाकरी घेऊन आल्या. "घ्या ना भाऊ, आपल्याच घरी कायचं लाजता?"

मी ताट पुढे केलं.